द्विमितीय आदर्श प्रवाहाखाली गाउसीय माप अविकारी राहते हे कसे तपासावे

आदर्श द्रव म्हणजे ज्याला श्यानता (अंतर्गत चिकटपणा) नाही आणि जो दाबून आक्रसत नाही असा कल्पित द्रव. लेओनार्ड ऑयलर यांनी मांडलेली त्याच्या गतीची समीकरणे १७५७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा द्रवाची आरंभीची स्थिती आपण नेमकी न देता गाउसीय नियमानुसार यादृच्छिक निवडली, आणि मग प्रवाहाला काही काळ मोकळे सोडले, तर त्या काळानंतरची स्थितीही त्याच नियमाने वाटलेली असेल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. काही विशिष्ट गाउसीय मापांसाठी, म्हणजे संभाव्यता वाटण्याच्या अशा नियमांसाठी, उत्तर होकारार्थी आहे, आणि तेव्हा ते माप अविकारी आहे असे म्हणतात. ते उत्तर स्वतःच्या हाताने कसे पडताळावे, कोणत्या टप्प्यावर घाई करू नये आणि शेवटी नेमका कोणता दावा करता येतो, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. वाचकाला फूरिये श्रेणी, सामान्य अवकल समीकरणे आणि संभाव्यतेतील प्रचरण ही कल्पना ठाऊक आहे, एवढे गृहीत धरले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण या विषयाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी तिथेच फसतात. मर्यादित संख्येच्या फूरिये सहगुणकांसाठी अविकारिता सिद्ध करणे हे दोन ओळींचे काम आहे. खरी मेहनत त्यानंतरची आहे: अनंत मितींत गेल्यावर समीकरणातील अरेषीय पदाला काही अर्थ उरतो का, हे ठरवण्याची. ज्या मांडणीत हा दुसरा भाग दिसत नाही ती मांडणी अपुरी समजावी, मग तिच्यातील दोन ओळी कितीही सुबक असोत.

मांडणी

द्रव एका अशा चौरसात आहे असे समजू ज्याची प्रत्येक बाजू २π लांबीची आहे आणि ज्याच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत. म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो. यालाच टोरस म्हणतात. भिंती नसल्यामुळे सीमेवरच्या अटींची कटकट राहत नाही आणि फूरिये श्रेणी थेट वापरता येते. सरासरी वेग शून्य धरावा. तसे केल्याने काही बिघडत नाही, कारण एकसमान वेगाने सरकणाऱ्या निरीक्षकाला प्रवाहाचे समीकरण तेच दिसते.

वेगाऐवजी व्हॉर्टिसिटीवर काम करावे. भ्रमिलता असा पारिभाषिक शब्द तिला आहे, पण वर्गात आणि फळ्यावर व्हॉर्टिसिटी हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच ठेवतो. द्रवाचा अगदी लहानसा भाग स्वतःभोवती किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरत आहे, हे ती सांगते. द्विमितीय प्रवाहात फिरण्याचा अक्ष पृष्ठाला लंबच असतो, त्यामुळे ती प्रत्येक बिंदूवर केवळ एक संख्या असते, आणि ऑयलरचे समीकरण एवढेच म्हणते की प्रत्येक कण आपली ही संख्या जन्मभर सोबत वाहून नेतो. मराठीत पाण्यातल्या आवर्तालाही भोवरा म्हणतात आणि मुलांच्या खेळण्यालाही. इथे दुसरे चित्र डोळ्यांपुढे ठेवलेले बरे, फक्त हा भोवरा न मंदावता फिरतच राहतो. त्रिमितीय प्रवाहात भोवऱ्यांचे धागे ताणले जातात आणि ही सोय नाहीशी होते. या लेखातील युक्तिवाद तिथे लागू न होण्याचे ते एक मूळ कारण आहे.

आता व्हॉर्टिसिटीची फूरिये श्रेणी लिहावी. पूर्णांक घटक असलेल्या प्रत्येक तरंगसदिश क साठी एक संमिश्र सहगुणक मिळतो. त्याला व(क) म्हणू. दोन अटी लक्षात ठेवाव्यात. व्हॉर्टिसिटी वास्तव असल्यामुळे व(−क) हा व(क) चा संयुग्मी असतो. आणि टोरसवर व्हॉर्टिसिटीचा एकूण समाकल शून्यच येत असल्यामुळे शून्य सदिशाचा सहगुणक नसतोच. ही दुसरी अट बिनमहत्त्वाची वाटते, पण तिच्यावाचून पुढचे एक पाऊल अडते.

त्रिकूटे आणि त्यांचे सहगुणक

क, ख आणि ग या तीन तरंगसदिशांची बेरीज शून्य असेल तर त्यांना त्रिकूट म्हणू. समीकरणातील अरेषीय पद पूर्णपणे त्रिकूटांतून बनलेले आहे: व(−ग) चा कालानुरूप बदलाचा दर म्हणजे, क + ख = −ग होईल अशा सर्व जोड्या एकेकदा घेऊन, स(ग) व(क) व(ख) या गुणाकारांची केलेली बेरीज. इथे

स(ग) = (क × ख) (१/|ख|² − १/|क|²)

असा आहे, आणि क × ख म्हणजे क च्या पहिल्या व ख च्या दुसऱ्या घटकाच्या गुणाकारातून क च्या दुसऱ्या व ख च्या पहिल्या घटकाचा गुणाकार वजा करून येणारी संख्या. स(क) आणि स(ख) हे याच सूत्रात अक्षरे चक्राकार फिरवून मिळतात. बेरीज शून्य असल्यामुळे क × ख, ख × ग आणि ग × क या तिन्ही संख्या समान असतात. हे एकदा स्वतः ताडून पाहावे.

सूत्रातील वजाबाकी कुठून आली, हे समजून घेणे आवश्यक आहे. समीकरण सरळ फूरियेत उतरवले तर जोडीतील एका सदिशाचा वेग आणि दुसऱ्याचा उतार असे एकतर्फी पद येते, ज्यात केवळ १/|क|² असतो. पण प्रत्येक जोडी दोन क्रमांनी येते. ते दोन क्रम एकत्र केले की वजाबाकी तयार होते. या एकत्रीकरणाला सममितीकरण म्हणावे. मर्यादित बेरजेत त्याने काहीच बदलत नाही, अनंत बेरजेत सगळे त्यावरच उभे राहते.

एक उदाहरण हाताने करावे. क = (१, ०), ख = (१, १), ग = (−२, −१) घ्या. त्यांच्या लांबींचे वर्ग अनुक्रमे १, २ आणि ५ आहेत, आणि क × ख ची किंमत १ येते. त्यावरून स(ग) = १/२ − १ = −१/२, स(क) = १/५ − १/२ = −३/१०, आणि स(ख) = १ − १/५ = ४/५. आता तिन्हींची बेरीज करा: −१/२ − ३/१० + ४/५ = ०. मग प्रत्येकाला आपापल्या लांबीच्या वर्गाने भागून बेरीज करा: −१/१० − ३/१० + ४/१० = ०. ही दोन शून्ये म्हणजेच दोन अक्षय्यतेचे नियम आहेत. पहिल्या शून्यामुळे सर्व |व(क)|² ची बेरीज, म्हणजे एन्स्ट्रॉफी, स्थिर राहते. दुसऱ्यामुळे |व(क)|²/|क|² ची बेरीज, म्हणजे गतिज ऊर्जा, स्थिर राहते. सर्वसाधारण त्रिकूटासाठीही हेच दोन ओळींत सुटते, कारण कंसांतील पदे चक्राकार रीतीने एकमेकांना खोडतात.

चिन्हांकडेही लक्ष द्यावे. मधल्या लांबीचा सदिश ख एका चिन्हाचा आणि दोन टोकांचे सदिश दुसऱ्या चिन्हाचे आहेत, म्हणजे देवाणघेवाण नेहमी मधला विरुद्ध दोघे टोकाचे अशी होते. हवामानशास्त्रज्ञ रॅग्नार फ्योर्टॉफ्ट यांनी १९५३ मध्ये द्विमितीय प्रवाहातील ऊर्जेच्या वाटपाविषयी जे निरीक्षण मांडले, त्याचे बीज याच चिन्हांत आहे. आपल्या प्रश्नाला त्याची गरज नाही, पण गणित करताना चिन्ह चुकले आहे का, हे तपासण्याची ही चांगली खूण आहे.

कापलेली प्रणाली आणि त्या दोन ओळी

आता एक मोठी संख्या ठरवून, तिला ‘न’ म्हणून, |क| ≤ न एवढेच सहगुणक ठेवावेत आणि ज्या त्रिकूटाचे तिन्ही सदिश या वर्तुळात आहेत तेवढीच त्रिकूटे समीकरणात ठेवावीत. ही सामान्य अवकल समीकरणांची मर्यादित प्रणाली झाली. अक्षय्यतेचे दोन्ही नियम त्रिकूटागणिक खरे असल्यामुळे काही त्रिकूटे गाळली तरी ते शाबूत राहतात. मूळ समीकरणात व्हॉर्टिसिटीच्या कोणत्याही फलनाचा समाकल स्थिर असतो. ते बाकीचे अनंत नियम मात्र कापण्यात गमावले जातात. एन्स्ट्रॉफी स्थिर असल्यामुळे उकल एका गोलावर बांधलेली राहते आणि सर्व काळासाठी अस्तित्वात असते.

यानंतर अपसरण, म्हणजे प्रवाह आकारमान किती फुगवतो किंवा आक्रसवतो, ते तपासावे. व(क) च्या बदलदरात स्वतः व(क) आला, तर त्याचा जोडीदार शून्य सदिशाचा सहगुणक असायला हवा, आणि तो नाही हे आपण वर पाहिले. व(−क) आला, तर जोडीदार २क चा हवा. पण क आणि २क समांतर असल्यामुळे त्यांचा × गुणाकार शून्य. म्हणून प्रवाहाचे अपसरण शून्य आहे, आणि लिउव्हिलच्या प्रमेयानुसार सहगुणकांच्या अवकाशातील आकारमान प्रवाहाखाली बदलत नाही. टी. डी. ली यांनी १९५२ मध्ये द्रवाच्या सांख्यिकीत याच मार्गाने प्रवेश केला होता.

आकारमान बदलत नाही आणि एन्स्ट्रॉफी बदलत नाही. म्हणून ज्या मापाची घनता एन्स्ट्रॉफीचेच फलन आहे ते मापही बदलत नाही. बीटा ही एक संख्या निवडून, घनता म्हणून ऋण बीटा गुणिले एन्स्ट्रॉफी (प्रत्येक संयुग्मी जोडी एकदाच धरून) यांचा घातांक घेतला की गाउसीय माप मिळते, ज्यात सर्व व(क), संयुग्मी जोड्या वगळता, परस्परनिरपेक्ष असतात आणि |व(क)|² चे अपेक्षित मूल्य प्रत्येक क साठी १/बीटा असते. घातांकात तशीच ऋण गॅमा गुणिले ऊर्जाही घातली, तर ते मूल्य १/(बीटा + गॅमा/|क|²) होते. द्विमितीय प्रक्षोभाच्या (टर्ब्युलन्सच्या) अभ्यासात रॉबर्ट क्रेकनन यांनी १९६७ मध्ये हेच समतोल वाटप वापरले. सर्वांत लहान |क| हा १ आहे, त्यामुळे बीटा धन असताना गॅमा ऋण असला तरी चालतो, केवळ तो −बीटा पेक्षा मोठा असावा. लार्स ऑन्सेगर यांनी १९४९ मध्ये बिंदूरूप भोवऱ्यांसाठी जे ऋण तापमान सुचवले, त्याचा हा दूरचा भाऊबंद मानायला हरकत नाही.

इतर गाउसीय मापांचे काय, हा प्रश्न विचारी वाचकाच्या मनात आलाच असेल, आणि त्याचे उत्तर आपल्या त्रिकूटातूनच मिळते. समजा सहगुणक परस्परनिरपेक्ष आहेत आणि |व(क)|² चे अपेक्षित मूल्य प(क) आहे. आरंभी व(क) व(ख) व(ग) या तिहेरी गुणाकाराची सरासरी शून्य असते. माप अविकारी असेल तर ती शून्यच राहिली पाहिजे. तिचा आरंभीचा बदलदर काढला तर तो प(क) प(ख) प(ग) गुणिले (स(क)/प(क) + स(ख)/प(ख) + स(ग)/प(ग)) असा येतो. म्हणून १/प या तीन संख्या स च्या तीन संख्यांना लंब असल्या पाहिजेत. स चे तीन आकडे सर्व शून्य नसतील, तर तीन मितींत त्यांना लंब असे एकच प्रतल असते, आणि ते प्रतल (१, १, १) व (१/|क|², १/|ख|², १/|ग|²) यांनी भरलेले आहे, अट एवढीच की हे दोन सदिश वेगळ्या दिशांचे असावेत. म्हणजे त्या त्रिकूटावर १/प हे बीटा + गॅमा/|क|² याच रूपाचे असणे भाग आहे. वरच्या उदाहरणात प(क) = १/|क|² अशी अधिक गुळगुळीत निवड करून पाहा: −३/१० × १ + ४/५ × २ − १/२ × ५ = −०.३ + १.६ − २.५ = −१.२. शून्य नाही. गुळगुळीत मापे वापरायला सोयीची वाटतात, पण त्या क्षणापासून तिहेरी सरासरी शून्यापासून ढळू लागते आणि माप गाउसीय राहत नाही.

अनंताकडे जाताना

इथवरचा भाग एका संध्याकाळी होतो. पुढचा भाग संथपणे वाचावा.

‘न’ ही संख्या वाढवत नेली की बीटा = १ चे माप म्हणजे व्हॉर्टिसिटीवरील शुभ्र गोंगाट, ज्याला सर्रास व्हाइट नॉइज म्हटले जाते. त्यात |व(क)|² ची बेरीज जवळजवळ नक्कीच अनंत असते, म्हणजे ज्या एन्स्ट्रॉफीच्या जोरावर माप रचले ती एन्स्ट्रॉफी मापाच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक स्थितीत अनंत आहे. ऊर्जेचीही तीच गत आहे, कारण १/|क|² ची समतलातील जालकावरची बेरीज लॉगच्या गतीने वाढत जाते. अशी व्हॉर्टिसिटी फलन नसते. ती ऋण एकपेक्षा किंचित खालच्या क्रमाच्या सोबोलेव्ह अवकाशात (त्याचा क्रम गुळगुळीतपणा मोजतो) राहते, आणि वेग शून्यापेक्षा किंचित खालच्या क्रमाच्या अवकाशात. विक्टर युडोव्हिच यांनी १९६३ मध्ये मर्यादित व्हॉर्टिसिटीसाठी ऑयलर समीकरणाची एकमेव उकल सर्व काळासाठी सिद्ध केली. पण मर्यादित व्हॉर्टिसिटीच्या संचाचे आपल्या मापानुसार वजन शून्य आहे. त्यामुळे ‘प्रवाह तर आधीच ठाऊक आहे, केवळ माप त्यातून पुढे सरकवायचे’ असे म्हणता येत नाही. ही चूक मी स्वतः पहिल्या टिपणात केली होती आणि ती लक्षात यायला बराच काळ गेला.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: ठरावीक ग साठी स(ग) व(क) व(ख) या अनंत बेरजेला अर्थ आहे का? स्थिती खडबडीत असल्यामुळे प्रत्येक नमुन्यासाठी निरपेक्ष अभिसरणाची आशा ठेवू नये. मापानुसार वर्गसरासरी काढावी. वेगवेगळ्या जोड्यांचे गुणाकार एकमेकांशी असंबद्ध असतात आणि ग शून्य नसल्यामुळे कोणत्याही जोडीची सरासरी शून्येतर नसते. म्हणून बेरजेचे प्रचरण म्हणजे स(ग) च्या वर्गांची बेरीज. क खूप मोठा असताना ख ची लांबी जवळजवळ क इतकीच असते, त्यामुळे १/|ख|² − १/|क|² हा फरक |ग|/|क|³ च्या पातळीचा असतो. × गुणाकार जास्तीत जास्त |क| |ग| एवढा. म्हणजे स(ग) ची पातळी |ग|²/|क|², आणि त्याच्या वर्गाची |ग|⁴/|क|⁴. समतलातील जालकावर १/|क|⁴ ची बेरीज मर्यादित असते. बेरीज अर्थपूर्ण ठरली. सममितीकरण न करता हीच गणना केली तर एकतर्फी पदाची पातळी |ग|/|क| राहते, वर्गाची |ग|²/|क|², आणि बेरीज लॉगने फुगते. एका वजाबाकीने दोन घात वाचवले आणि ते पुरेसे ठरले.

हीच कसोटी शुद्ध ऊर्जेच्या मापाला लावून पाहावी, म्हणजे बीटा शून्य आणि गॅमा धन. प्रत्येक न साठी हे माप अविकारी आहे. त्या दोन ओळी त्यालाही तंतोतंत लागू होतात. पण इथे |व(क)|² चे अपेक्षित मूल्य |क|² च्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रचरणाच्या बेरजेत |क|⁴ चा गुणक शिरतो, १/|क|⁴ खोडले जाते आणि प्रत्येक जालकबिंदू जवळपास तेवढीच भर घालतो. बेरीज न च्या वर्गाप्रमाणे फुगते. अरेषीय पदाला अर्थच उरत नाही, म्हणून ‘माप अविकारी आहे’ हे विधानही अनंत मितींत निरर्थक होते. केवळ दोन ओळींवर थांबणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

बीटा धन असताना गॅमा असलेली मापे मात्र सुखरूप आहेत. ऊर्जा अनंत असली तरी तिच्यातून तिची सरासरी वजा करून उरणारी राशी, म्हणजे |व(क)|² वजा त्याची सरासरी, भागिले |क|², यांची बेरीज, वर्गसरासरीत अभिसारी असते, कारण पुन्हा १/|क|⁴ ची बेरीज मर्यादित आहे. या वजावटीच्या ऊर्जेचा घातांक घनता म्हणून शुभ्र गोंगाटावर बसवता येतो. आल्बेव्हेरिओ, रिबेरो द फारिया आणि हॉग-क्रॉन यांनी १९७९ मध्ये टोरसवरील ऑयलर प्रवाहासाठी या स्थिर मापांचा अभ्यास मांडला.

उकल कशी मिळवावी

आता कापलेल्या प्रणालींच्या उकलींपासून मर्यादेत उकल काढायची आहे. प्रत्येक न साठी आरंभी शुभ्र गोंगाटाचे पहिले सहगुणक घ्यावेत, उरलेले तसेच गोठवून ठेवावेत, आणि प्रणाली चालवावी. अविकारितेमुळे प्रत्येक क्षणी स्थितीचा नियम तोच असतो. ही गोष्टच पुढचे सर्व अंदाज पुरवते. एका सहगुणकाच्या बदलदराची वर्गसरासरी न वर अवलंबून नसलेल्या मर्यादेत राहते. ती मर्यादा |क|² पेक्षा केवळ लॉगपुरती मोठी आहे. त्यावरून दोन क्षणांमधील फरकाची वर्गसरासरी कालांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बांधली जाते, आणि कालानुरूप सतत मार्गांच्या अवकाशात या उकलींच्या नियमांचा एक अभिसारी उपक्रम, म्हणजे मूळ क्रमातील काही निवडक पदांचा क्रम, निवडता येतो.

उरतो तो नेहमीचा अडसर: अरेषीय पद मर्यादेत जाते का? इथे एक साधी पण परिणामकारक युक्ती आहे. अरेषीय पदाचे दोन तुकडे करावेत, |क| आणि |ख| दोन्ही एका ठरावीक संख्या म पेक्षा लहान असलेला आणि उरलेला. पहिला तुकडा मर्यादित सहगुणकांचे बहुपद आहे, त्यामुळे तो निर्धास्तपणे मर्यादेत जातो. दुसऱ्या तुकड्याची वर्गसरासरी केवळ त्या क्षणीच्या नियमावर अवलंबून आहे, गतीवर नाही. आणि नियम तर सर्व काळ, सर्व न साठी तोच आहे. म्हणून म वाढवला की तो तुकडा सर्वत्र एकसारखा लहान होतो. जिथे एरवी गुळगुळीतपणाचे अंदाज लागले असते तिथे अविकारितेनेच काम भागवले. आल्बेव्हेरिओ आणि आना बेला क्रुझेरो यांचा १९९० चा परिणाम या दिशेचा आहे. फ्रांको फ्लान्दोली यांनी २०१८ मध्ये अशा उकली यादृच्छिक तीव्रतेच्या बिंदूरूप भोवऱ्यांच्या मर्यादेतून मिळवल्या, आणि भौतिकशास्त्राकडून आलेल्या वाचकाला तो मार्ग अधिक जवळचा वाटेल.

हाती काय आले, ते नेमक्या शब्दांत लिहावे: एका संभाव्यता अवकाशावर अशी यादृच्छिक प्रक्रिया अस्तित्वात आहे जी ऑयलर समीकरण समाकल रूपात पाळते आणि जिचा नियम प्रत्येक क्षणी शुभ्र गोंगाट आहे. या युक्तिवादातून अद्वितीयता निघत नाही, कारण उपक्रम निवडला आहे, आणि वेगळा उपक्रम वेगळ्या प्रक्रियेकडे जाणार नाही याची हमी त्यात कुठेच दिलेली नाही. ‘प्रवाहाखाली माप अविकारी आहे’ असे लिहिताना प्रत्येक आरंभबिंदूला एकच मार्ग नेमून देणारा प्रवाह हाती असल्याचा भास होतो, तो टाळावा. श्यानता आणि योग्य यादृच्छिक बल एकत्र आणले तर हेच माप अविकारी राहते आणि परिस्थिती सुधारते: ज्युसेप्पे दा प्रातो आणि आर्नो दबुश यांनी २००२ मध्ये अशा नेव्हियर-स्टोक्स समीकरणासाठी मापाच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक आरंभस्थितीपासून एकमेव उकल दाखवली. तिथे श्यानतेचा गुळगुळीतपणा मदतीला येतो, जो आदर्श द्रवात नाही.

संगणकावर पडताळणी

न = १६ घेतला तर वर्तुळात सुमारे ८०० तरंगसदिश येतात, आणि संयुग्मी जोड्या धरून सुमारे ४०० स्वतंत्र संमिश्र सहगुणक. साधा लॅपटॉप पुरतो. प्रत्येक जोडीसाठी वास्तव आणि काल्पनिक भाग स्वतंत्रपणे प्रसामान्य वितरणातून काढावेत, प्रत्येकाचे प्रचरण १/२. असे केल्याने |व(क)|² ची सरासरी १ येते. इथे १/२ विसरून १ ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. गुणाकार जालकावर करणार असाल तर एका बाजूला किमान ३न + १, म्हणजे ४९ बिंदू हवेत, नाहीतर खोटे तरंग उलटे आत शिरतात आणि अक्षय्यतेचे नियम बिघडतात. सोयीसाठी ६४ घ्यावेत. गुणाकारानंतर वर्तुळाबाहेरचे सगळे सहगुणक शून्य करायला विसरू नये.

कालपावलासाठी चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा रीत लहान पावलांनी चालते, पण ती एन्स्ट्रॉफी तंतोतंत जपत नाही. गर्भित मध्यबिंदू रीत सर्व वर्गीय अक्षय्य राशी तंतोतंत जपते, मात्र आकारमान तितकेच काटेकोर जपेल असे नाही. कोणतीही वापरली तरी पाऊल अर्धे करून उत्तर बदलते का, ते पाहावे.

एकूण एन्स्ट्रॉफीचा आलेख स्थिर दिसला म्हणून समाधान मानू नये. तो प्रत्येक नमुन्यात स्थिर असायलाच हवा, आणि त्यावरून अविकारितेबद्दल काहीच कळत नाही. एक-एक सहगुणक तपासावा. १,००० नमुने घेतले तर |व(क)|² च्या सरासरीत सुमारे ३ टक्क्यांची सांख्यिक हालचाल अपेक्षित आहे, कारण या राशीचे प्रमाण विचलन तिच्या सरासरीएवढेच असते. त्याहून मोठा आणि काळाबरोबर एकाच दिशेने वाढणारा फरक दिसला तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधावी. त्यानंतर वरच्या उदाहरणातील त्रिकूटाची तिहेरी सरासरी काळानुसार मोजावी. बीटा = १ च्या मापासाठी ती शून्याभोवतीच डोलत राहील. मग तोच प्रोग्रॅम |व(क)|² ची सरासरी १/|क|² ठेवून चालवावा: प(क) प(ख) प(ग) हा गुणाकार १/१० आहे, त्यामुळे तिहेरी सरासरी आरंभी −०.१२ च्या दराने घसरू लागली पाहिजे. मात्र हे गुणाकार १,००० नमुन्यांत ०.०१ च्या पातळीवर हलतात, म्हणून उतार मोजताना तोच नमुनासंच ठेवून आरंभीचे मूल्य वजा करावे आणि काळ इतका लहान ठेवावा की इतर त्रिकूटांचा परिणाम अजून जमा झालेला नसेल.

शेवटची एक चाचणी बरेच जण चुकीच्या अर्थाने करतात. सर्व एन्स्ट्रॉफी मोजक्याच लांब तरंगांत भरून प्रणाली सोडतात, कालांतराने सर्व सहगुणक समान होतात का ते पाहतात, आणि झाले नाहीत की अविकारिता फसली असे म्हणतात. ती चाचणी समतोलाकडे जाण्याची आहे, अविकारितेची नाही. कापलेल्या प्रणालीत एन्स्ट्रॉफी आणि ऊर्जा प्रत्येक मार्गावर वेगवेगळ्या ठरलेल्या असल्यामुळे गाउसीय माप एर्गोडिक (ज्यात एकाच मार्गाची दीर्घ सरासरी मापाच्या सरासरीएवढी येते असे) असूच शकत नाही, आणि एका मार्गाची दीर्घकालीन सरासरी त्या मापाच्या सरासरीशी जुळली नाही तरी वरच्या कोणत्याही विधानाला धक्का लागत नाही. अविकारिता तपासताना नमुने नेहमी मापातूनच काढावेत, पुष्कळ काढावेत, आणि सरासरी नमुन्यांवर घ्यावी, काळावर नाही.